चांदीच्या नाण्यांचं ग्रेडिंग कितपत बरोबर असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात जुन्या चांदीच्या रुपयांना तोटा नाही. देवघरातल्या डब्यात असतात, लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतात, इतवारीच्या सराफ्यात तर असतातच. अलीकडे हेच रुपये प्लास्टिकच्या पेटीत बंद करून, वर आकडा छापून विकायला येतात. त्या आकड्यावर कितपत विसंबायचं, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक ब्रिटिशकालीन रुपयांची आहेत, कारण विचारणाऱ्यांकडे तेच असतात.

१. ग्रेडिंग म्हणजे काय, आणि एमएस-६३ सारखा आकडा येतो कुठून?

नाणं अस्सल आहे का, किती झिजलं आहे आणि त्याचा पृष्ठभाग कसा राहिला आहे, हे तिऱ्हाईत जाणकारांनी पाहून दिलेलं मत म्हणजे ग्रेड. मत दिल्यावर नाणं पारदर्शक पेटीत सीलबंद करतात. तिला सगळे स्लॅबच म्हणतात. जगभर चालणारी दोन मोठी नावं अमेरिकेतली आहेत: १९८५ मध्ये स्थापन झालेली पीसीजीएस आणि १९८७ ची एनजीसी.

मोजपट्टी १ ते ७० ची. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. तेव्हा हेतू किमतीचा होता: ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. किमतीचं गणित केव्हाच मोडलं, पट्टी मात्र राहिली. ६० पासून पुढे एमएस, म्हणजे चलनात न वापरलेलं नाणं. ५० ते ५८ एयू, जेमतेम झीज. त्याखाली एक्सएफ, व्हीएफ असं उतरत जातं. ६० च्या वर प्रत्येक आकडा वापरतात, खाली मात्र उड्या आहेत: ४०, ४५, ५०, ५३, ५५, ५८. आपल्याकडच्या लिलावांच्या कॅटलॉगांत आकड्यांपेक्षा यूएनसी (न वापरलेलं), एक्सएफ ही अक्षरंच जास्त दिसतात.

२. ग्रेड हे शेवटी मतच ना? मग ते बरोबर की चूक हे कशावरून ठरवायचं?

मतच आहे. वजन काटा सांगतो, कस यंत्र सांगतं, पण ग्रेडचा निवाडा अजून माणसाच्या डोळ्यावरच चालतो. म्हणून 'अमुक कंपनी अचूक आहे का' या एका प्रश्नाचं एक उत्तर देता येत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात.

नाणं अस्सल की नकली, यात मोठ्या कंपन्यांवर बराच भरवसा ठेवता येतो. वापरलेल्या नाण्याची झीज किती, यातही त्यांचं एकमेकांशी सहसा जमतं. ६० च्या वर गेलं की जमीन भुसभुशीत होते. ६३ की ६४ यावर दोन अनुभवी ग्रेडर सरळ वेगळं बोलू शकतात, आणि तोच ग्रेडर महिन्याभराने स्वतःशीच असहमत होऊ शकतो. सगळ्यात कच्चा भाग आपल्या नाण्यांचे उपप्रकार आणि टांकसाळी (प्रश्न १० पाहा), आणि हाताने पाडलेली नाणी (प्रश्न १४).

माझा हिशेब असा: ६० च्या वर एका आकड्याचा फरक ही चूक धरायची नाही. दोनपेक्षा जास्त फरक वाटला, किंवा झिजलेलं नाणं एमएस म्हणून आलं, किंवा घासलेलं नाणं साफ ग्रेड, म्हणजे बिनशेऱ्याचा आकडा, घेऊन आलं, तर मात्र चूक म्हणायची आणि भांडायचं.

३. घरी बसून ग्रेड तपासायचा असेल तर काय करायचं?

आधी लेबल कागदाने झाका. आकडा एकदा वाचला की डोळा त्या आकड्याची बाजू घेतो. आपला अंदाज लिहा, मग कागद काढा. वीस-पंचवीस नाण्यांवर हे केलं की आपण ढिले आहोत की कडक, हे कळायला लागतं.

उजेड महत्त्वाचा. ट्यूबलाइटखाली चांदीवरचे बारीक ओरखडे विरून जातात. पिवळ्या दिव्याचा किंवा हॅलोजनचा एकच टेबल लॅम्प घ्या, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. पाचपट भिंग पुरे. दहापटीने पाहिलं तर प्रत्येक नाणं वाईटच दिसतं. नाणं किंवा स्लॅब दिव्याखाली हळूहळू कलता करून फिरवा. न वापरलेल्या चांदीवर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. ती मूळ चकाकी. ती ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या बाजूला सरकताना तयार होते, आणि पॉलिशने परत आणता येत नाही.

मग उंचवटे पाहा, झीज तिथूनच सुरू होते. राणीछाप रुपयावर गाल, कानावरचे केस आणि पोशाखावरची नक्षी. सातव्या एडवर्डच्या रुपयावर राजा मुकुटाविना आहे, म्हणून कान आणि कानामागचे केस आधी सपाट होतात. मागच्या बाजूला मुकुट पाहा. पाचव्या जॉर्जचं नाणं असेल तर भुवई, मिशी, कान आणि झग्यावरचा हत्ती. त्यानंतर राजाचा गाल आणि समोरचा मोकळा भाग. तिथे पडलेला एक ओरखडा नक्षीत लपलेल्या पाच ओरखड्यांपेक्षा ग्रेड जास्त खाली खेचतो. कडा शेवटी. स्लॅबमध्ये ती पूर्ण दिसत नाही, आणि ही पेटीची मोठीच अडचण आहे.

४. उंचवटा सपाट दिसतो, पण विकणारा म्हणतो 'ठसाच कमजोर पडलाय, झीज नाही'. खरं कसं ओळखायचं?

चकाकीवरून. ठसा नीट उमटला नसेल तर सपाट जागेवरूनही उजेडाचा पट्टा न तुटता जातो, आणि तिथे ठसा पडण्याआधीच्या कोऱ्या चकतीचे मूळ बारीक खड्डे कधीकधी राहिलेले दिसतात. झीज असेल तर पट्टा त्या जागी तुटतो आणि जागा करडी, मंद दिसते. दोन्ही बाजू ताडून पाहा: पुढची बाजू सपाट आणि तिच्या नेमक्या पाठीमागचा भागही अस्पष्ट असेल, तर दाब कमी पडल्याची शक्यता वाढते. विकणाऱ्याचा दावा खोटाच असतो असं नाही, पण तो सोयीचा फार असतो.

५. एयू-५८ चा रुपया एमएस-६१ पेक्षा देखणा दिसतो. मग ग्रेडिंग चुकलं का?

नाही. ५८ म्हणजे टोकांवर किंचित घासलेलं, बाकी स्वच्छ नाणं. ६१ म्हणजे हातात न फिरलेलं, पण टांकसाळीच्या पोत्यात दुसऱ्या नाण्यांवर आपटून खरचटलेलं. झीज आहे की नाही ही रेघ आधी ओढली जाते, देखणेपणा नंतर. संग्रहासाठी घेत असाल तर मी बिनदिक्कत ५८ घेईन.

६. आजीचा राणीछाप रुपया पाठवला. 'क्लीन्ड' लिहून आकड्याशिवाय परत आला. दिवाळीला फक्त चिंचेने धुतला होता. ग्रेडर फारच कडक नाहीत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा ग्रेडर बरोबर असतात. आपल्या घरांत पूजेतला बंदा रुपया दर वर्षी चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट नाहीतर पितांबरी लावून घासला जातो. चिंचेचं आम्ल काळपट थर काढतं आणि त्यासोबत मूळ पृष्ठभागही खातं. राख आणि पावडर केसासारखे ओरखडे पाडतात. नाणं चकचकीत दिसतं, पण ती चमक सगळीकडून सारखी येते, पट्टा फिरत नाही. दिव्याखाली कलतं केलं की एकाच दिशेच्या बारीक रेघा उजळतात. अक्षरांच्या कडेकडेला काळं राहून बाकी भाग पांढराफटक, हीसुद्धा घासल्याची खूण.

अशा नाण्याला एनजीसी 'डिटेल्स' म्हणून झिजेची पातळी लिहून देते, उदाहरणार्थ 'एयू डिटेल्स, क्लीन्ड', पण आकडा देत नाही. यात अन्याय नाही. नाणं अस्सल आहे हे तरी कागदावर आलं.

तक्रारीला जागा आहे ती दुसरीकडे. साफ केलेलं नाणं पन्नास-साठ वर्षं कपाटात पडून पुन्हा काळवंडलं तर वरचा थर ओरखडे झाकतो, आणि तेव्हा एकदा डिटेल्स, एकदा साफ ग्रेड असं घडू शकतं. कोणतंच नाणं कधी पुसलं गेलं नाही असं मानून कोणी ग्रेड देत नाही. किती पुसलं तर चालतं, ही रेघ प्रत्येक ग्रेडर थोडी वेगळी ओढतो.

७. रुपयाला माळेत ओवायला कडी लावली होती. आता काढली आहे, दिसतही नाही. ग्रेड मिळेल का?

आकडा मिळणार नाही. कडीचा टाका घासून काढला तरी कडेच्या दातऱ्या तिथे तुटलेल्या असतात, आणि तापल्याने आजूबाजूच्या चांदीचा रंग बदललेला असतो. विदर्भातल्या गावांतून येणाऱ्या रुपयांत हे इतकं दिसतं की कडा न पाहता नाणं घेऊच नये. स्लॅबमधल्या नाण्यावर टाक्याची खूण दिसली आणि तरी आकडा असेल, तर ती ग्रेडिंगची उघड चूक आहे.

८. तोच रुपया दुसऱ्यांदा पाठवला तर ग्रेड बदलतो म्हणतात. मग विश्वास कशावर ठेवायचा?

बदलतो, विशेषतः ६० च्या वर. व्यापारी याचाच धंदा करतात: ६४ चा स्लॅब फोडायचा, नाणं नव्याने पाठवायचं, ६५ आला तर नफा, नाही आला तर पुन्हा. यातून दोन गोष्टी होतात. बाजारात फिरणारी ६४ ची नाणी हळूहळू 'ज्यांना ६५ मिळाला नाही अशी' उरतात. आणि कंपनीच्या आकडेवारीत एकच नाणं दोन-तीनदा मोजलं जातं, कारण जुनी लेबलं कोणी परत पाठवत नाही. म्हणून 'या ग्रेडमध्ये जगात फक्त इतकीच' हे विकणाऱ्याचं वाक्य दोन्ही बाजूंनी लंगडं आहे: काही नाणी दुबार मोजलेली, आणि नागपुरातल्या डब्यांतली तर मोजलेलीच नाहीत.

दुसऱ्या तज्ज्ञाने स्लॅबवर स्टिकर लावून दुजोरा देण्याची सीएसी ही सोय २००७ पासून आहे, पण ती अमेरिकन नाण्यांसाठी. आपल्या रुपयांना तिचा उपयोग नाही.

९. भाऊ, इतवारीतला सराफ म्हणतो आकड्याला काही अर्थ नाही, तो चांदीच्या भावानेच घेणार. काऊन असं?

त्याच्या दुकानात त्याचंच बरोबर आहे. १९३९ पर्यंतचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, ५.८३ ग्रॅम, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९१८ चा झिजलेला रुपया ढिगाने मिळतो, त्याच्या ग्रेडला कोणी विचारत नाही. अशा नाण्यावर ग्रेडिंगची फी घालणं म्हणजे पैसे वाया.

ग्रेडला पैसे पडतात ते दोन ठिकाणी: नाणं दुर्मीळ असेल तेव्हा, किंवा साधं नाणं असामान्य अवस्थेत असेल तेव्हा. १९११ च्या रुपयावर झग्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. तो झिजलेला असला तरी त्याला मागणी असते. १९३९ चा रुपया त्याहून दुर्मीळ. या दोघांबाबत आकड्यापेक्षा अस्सलपणाचा दाखला मोलाचा.

१०. लेबलवर टांकसाळ चुकीची छापली आहे. याला ग्रेडिंगची चूक म्हणायचं का?

ग्रेडची नाही, ओळखीची. पण खिशाला तितकीच लागते. पाचव्या जॉर्जच्या मुंबई टांकसाळीच्या रुपयावर मागच्या बाजूला खाली कमळाजवळ उठावाचा ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयावर नसतो. हे पाच सेकंदांत तपासून होतं आणि तरी लेबल चुकतं.

१८६२ ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. त्या सालाचा शिक्का पुढे १८७० च्या दशकापर्यंत तसाच वापरला गेला, आणि मुंबईच्या नाण्यांवर सालाच्या आसपास ठिपक्यांनी फरक दाखवला गेला. त्यात राणीच्या चित्राचे आणि मागच्या नक्षीचे प्रकार वेगवेगळे. या सगळ्यांची किंमत एक नाही. लेबलवर नुसतं '१८६२ रुपया' असेल तर ठिपके स्वतः मोजा. कधीकधी फायदा तुमचा असतो.

आणखी एक: छपाईची उघड चूक कंपनीच्या हमीत धरली जात नाही. लेबलवर चुकून वरचा ग्रेड छापला म्हणून कंपनी फरक भरून देणार नाही, लेबल दुरुस्त करून देईल.

११. स्लॅबच नकली असेल तर?

असतो. नकली पेट्यांत नकली नाणी येतात, आणि कधीकधी नकली पेटीत अस्सल पण लेबलपेक्षा कमी ग्रेडचं नाणं. लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. नकली बनवणारा खऱ्या नाण्याचा क्रमांकच उचलतो, त्यामुळे माहिती जुळतेच. फोटो असेल तर ओरखडे आणि टोनिंगचे, म्हणजे काळाने चांदीवर चढलेल्या रंगाचे, डाग एकेक करून जुळवा. ते चोरता येत नाहीत. पीसीजीएसच्या अलीकडच्या पेट्यांत एनएफसी चिपही असते, मोबाइल टेकवून तपासता येते.

नाव कधी ऐकलं नाही अशा कंपनीच्या स्लॅबमधल्या नाण्याला सुटं नाणं समजूनच भाव द्या. प्लास्टिक बंद करून आकडा छापायला परवाना लागत नाही.

१२. पेटीत असूनही रुपया काळा पडला. ग्रेड आता खोटा झाला का?

ग्रेड दिल्या दिवशीचा आहे. पेटी नाण्याला धक्क्यापासून वाचवते, पण हवाबंद नसते. चांदी हवेतल्या गंधकाशी संयोग पावून काळवंडते, दमट हवेत लवकर. नागपूरचा मे कोरडा असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात सिलिका जेल ठेवा, आणि स्लॅब लाकडी पेटीत किंवा रबरबँड लावून ठेवू नका. सुटी नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवाल तर हिरवट चिकट थर येतो. तो टोनिंग नव्हे, नुकसान आहे.

नव्या गुंतवणुकीच्या चांदीवर, कॅनडाच्या मेपल लीफसारख्या नाण्यांवर, दुधाळ पांढरे ठिपके येतात. ७० ग्रेडच्या नाण्यावरही येतात. हमीपत्रात असे ठिपके आणि नंतरचे बदल वगळलेले असू शकतात. अटी वाचूनच ७० साठी जास्तीचे पैसे मोजा.

१३. नागपूरहून राणीछाप रुपया अमेरिकेला ग्रेडिंगसाठी पाठवता येतो का?

घाई करू नका. पुरावस्तू आणि कलामूल्य वस्तू कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. 'परत येणार आहे' हे कारण आपोआप चालत नाही. शंभर वर्षांची रेघ दर वर्षी पुढे सरकते: १९१८ चा रुपया आता तिच्या आत आहे, १९४० चा अजून नाही. कुरिअरच्या पावतीवर 'स्मरणवस्तू' लिहून पाठवा असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. एजंट म्हणाला 'आम्ही सगळं बघतो', तर परवानगीचा कागद मागा.

शेतात, पाया खणताना नाणी सापडली असतील तर तो वेगळाच मामला: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ग्रेडिंगचा विचार त्यानंतर.

१४. आमच्याकडे भोसलेकालीन रुपया आहे. त्याचा एक्सएफ-४५ ग्रेड किती खरा मानायचा?

प्रश्न २ मध्ये जो कच्चा भाग म्हटला, तो हाच. यंत्रावर पाडलेल्या रुपयांना नमुना असतो: प्रत्येक नाणं सारखं असायला हवं होतं, मग किती कमी पडलं ते मोजता येतं. मराठा काळातले रुपये हाताने, हातोड्याने पाडलेले. मुघल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असलेला ठसा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळाच तुकडा उमटलेला. साल चकतीबाहेर गेलं तर ती झीज नाही, आणि ग्रेडही त्यासाठी कमी होत नाही. पण संग्राहकाला सालच हवं असतं! म्हणून साल आणि टांकसाळीचं नाव पूर्ण असलेला व्हीएफ-२५, ते नसलेल्या एक्सएफ-४५ पेक्षा महाग जाऊ शकतो, आणि त्यात काही चुकीचं नाही.

शिवाय सराफांनी कस पाहायला मारलेले छोटे छाप आणि छेद. त्यांना नुकसान म्हणायचं की नाण्याच्या आयुष्याचा भाग, यावर एकमत नाही, आणि ग्रेडरही सगळीकडे एकच न्याय लावत नाहीत. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि त्यानंतर नागपूरचं राज्य खालसा झालं. त्याआधी हे रुपये बाजारात हातोहात फिरत होते, सराफांच्या हातून गेल्याशिवाय कसे राहतील?

अशा नाण्यावर आकड्याचे पैसे देऊ नका. अस्सलपणा, वजन, वाचता येणारा मजकूर आणि साल यांचे द्या. डोळा तयार करायचा असेल तर आधी मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, जाऊन जुनी नाणी बघा, आणि इतवारीत दोन-चार सुटी नाणी हातात घ्या. वजन करताना मात्र आपलाच काटा न्या.

१५. स्लॅबवर 'रीस्ट्राइक' लिहिलंय. नाणं नकली आहे का?

नकली नाही. मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नंतरच्या काळात पुन्हा काढलेली ही आरशासारखी प्रूफ नाणी आहेत. लेबलवरचा पीआर किंवा पीएफ (दोन्ही म्हणजे प्रूफ) चा आकडा फक्त अवस्था सांगतो. पीएफ-६३ चा मूळ प्रूफ आणि पीएफ-६५ चा रीस्ट्राइक यांत मूळ प्रूफ बराच महाग, म्हणून लेबलवर तो शब्द आहे की नाही ते आकड्याच्या आधी वाचा. नसेल, आणि विकणारा 'मूळ प्रूफ' म्हणून भाव लावत असेल, तर त्याचा आधार लेखी मागा.